ब्रेस घोट्याला, परिणाम गुडघ्यावर: माझा एएफओचा अनुभव

कमरेच्या मणक्यातली गादी सरकून नसा दबल्या. ऑपरेशन झालं, दुखणं थांबलं, पण उजवं पाऊल काही वर उचलेना. चवडा जमिनीला घासायचा, अंगठा जराशा उंचवट्यालाही अडायचा. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं, ‘फूट ड्रॉप, एएफओ द्यावा’. फूट ड्रॉप म्हणजे पाऊल वर न उचललं जाणं, आणि एएफओ म्हणजे अँकल-फूट ऑर्थोसिस: पोटरीपासून तळव्यापर्यंत येणारा, बुटात घालायचा ब्रेस. माझी पोटरीही लुळी पडली होती, मांडीतही पुरता जोर नव्हता. ते चिठ्ठीत कुठेच नव्हतं, आणि पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

पहिला ब्रेस तयार मिळाला: पातळ प्लास्टिकचा, टाचेमागे अरुंद पट्टी असलेला. त्याला लीफ स्प्रिंग म्हणतात. वजनाला हलका, नेहमीच्या बुटात मावणारा. चवडा घासायचा थांबला, मी खूश. पण पाऊल पूर्ण टेकवून अंग पुढे नेलं की गुडघा अचानक मोडायचा. आधी वाटलं, मांडी थकते म्हणून होत असेल.

उलगडा फिजिओथेरपिस्ट ताईंनी केला. पाऊल जमिनीवर असताना नडगी पुढे झुकत जाते आणि तिला आवरून धरायचं काम पोटरी करते. पोटरीत जीव नसला की नडगी सैल सुटते आणि गुडघा सावरायचा सगळा भार मांडीवर येतो. लीफ स्प्रिंग पाऊल उचलून धरते, पण अंगाचा भार आला की स्वतःच वाकते. म्हणजे पोटरीच्या जागी माझ्याकडे काहीच नव्हतं. त्यांनी कागदावर पायाचं चित्र काढून जमिनीकडून वर येणाऱ्या जोराची रेघ ओढली. ती गुडघ्याच्या पुढून गेली तर गुडघा सरळ होतो, मागून गेली तर वाकतो. ब्रेसबद्दल मला जे काही कळलं ते या एका रेघेवरून.

मग बिजागरीचा ब्रेस घालून पाहिला. त्यात पाऊल खाली पडत नाही, पण नडगी पुढे झुकू शकते. ताईंकडेच पक्षाघातातून उठलेले एक काका यायचे. त्यांचा गुडघा पाऊल टाकताना उलटा, मागे जायचा, आणि याच ब्रेसने तो बऱ्यापैकी जागेवर आला होता. माझं नेमकं उलटं झालं. टाच टेकल्यावर पाऊल हळूहळू खाली यायला हवं. बिजागरी ते येऊ देत नाही, मग नडगीच पुढे ढकलली जाते. काकांना तोच धक्का हवा होता. माझा गुडघा त्याने लगेच वाकायचा, आणि पुढे नडगी सुटली की आणखी. खुर्चीतून उठायला मात्र हा ब्रेस सगळ्यात सोयीचा होता, हे कबूल करायला हवं.

शेवटी माप देऊन ब्रेस करायचं ठरलं. ऑर्थोटिस्टने, म्हणजे ब्रेस बनवणाऱ्या तज्ज्ञाने, पायावर पातळ मोजा चढवला, घोट्याच्या हाडांवर आणि गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला खास पेन्सिलीने खुणा केल्या. त्या बाहेरच्या हाडाशी नस वरच असते, तिथे ब्रेस दाबून चालत नाही. मग ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळल्या आणि घट्ट होईपर्यंत पाऊल काटकोनात धरून ठेवलं. या साच्यावरून पोटरी, घोटा, तळवा एकसंध धरणारा ताठ ब्रेस आला. त्यात घोटा हलतच नाही.

खरी मेहनत त्यानंतर होती. मला उभं करून टाचेखाली पातळ पाचरी सरकवून बघितल्या. टाच जास्त उचलली की नडगी पुढे कलायची आणि गुडघा वाकायचा. पाचर काढली की गुडघा मागे रेटला जायचा. तो मागे रेटलेला गुडघा सुरुवातीला भक्कम वाटतो, पण असंच चालत राहिलं तर मागचे बंध ताणले जातात, असं ऑर्थोटिस्टने बजावलं. मधली जागा सापडेपर्यंत आम्ही पाचरी बदलत राहिलो. बुटाची टाचही मऊ करून घेतली, कारण ताठ ब्रेसमध्ये टाच टेकतानाचा झटका सरळ गुडघ्यात जातो. बूट बदलला की हे गणित बिघडतं. टाच थोडी उंच असलेला दुसरा जोड घातला तर गुडघा पुन्हा डगमगतो. म्हणून ब्रेसच्या मापाला जाताना रोजचे बूट सोबत न्या.

सध्या वापरते तो कार्बन फायबरचा आहे, नडगीवर पुढून टेकणारी पाटी असलेला. फ्लोअर रिअ‍ॅक्शन प्रकारातला. अंग पुढे गेलं की चवड्यावरचा भार त्या पाटीतून गुडघ्याखाली मागे दाबतो आणि गुडघा सरळ राहतो. यासाठी गुडघा हाताने तरी पूर्ण सरळ होत असायला हवा. वाकलेल्या अवस्थेत आखडला असेल तर उपयोग होत नाही. माझा होत होता.

फुकट काही मिळत नाही. उठताना पाय पुढे घेऊन उठावं लागतं, खाली बसणं अवघड. संध्याकाळी पाय सुजला की पाटी काचते, आणि कार्बनला प्लास्टिकसारखं गरम करून जागेवर सैल करता येत नाही. सुरुवातीला तासाभरापासून वाढवत नेला. काढल्यावर दिसणारा लालसरपणा अर्ध्या तासात गेला नाही तर ऑर्थोटिस्टला दाखवायचा. ज्यांच्या पायाला संवेदना कमी आहे त्यांनी हे रोज बघावं, कारण त्यांना दुखून कळणार नाही. सपाटीवर आता गुडघ्याकडे लक्ष ठेवावं लागत नाही. उतारावर ताठ घोटा नडगीला पुढे ढकलतो, तिथे मी काठी घेते आणि तिरकी उतरते.