वीस मिनिटांनी दमणारा लॅपटॉप

मी घरून प्रूफं तपासते. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या दोन-तीन प्रकाशकांची कामं असतात. पूर्वी गठ्ठे यायचे, आता पीडीएफ येतात. म्हणून दिवाळीनंतर तपकीर गल्लीतून एक जुना थिंकपॅड टी४३० घेतला, साडेनऊ हजारांना. २०१२ चं मॉडेल, तिसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, ४ जीबी रॅम, जुनी फिरती हार्ड डिस्क. कीबोर्डवर बोटं टेकवली आणि घासाघीस करायचीच राहिली.

सुरू व्हायला अडीच मिनिटं लागायची. ते चाललं असतं, तेवढ्यात चहाला आधण येतं. पण वीसेक मिनिटं झाली की पंखा जात्यासारखा घरघरायचा आणि पान सरकवलं तर अक्षरं मागाहून यायची. दुकानात परत नेला. दुकानदाराने झाकणसुद्धा उघडलं नाही. "ताई, बोर्ड गेलाय. साडेपाच हजार होतील." बोर्ड, म्हणजे आतलं मुख्य सर्किट, गेला असता तर पहिली वीस मिनिटं तरी नीट कसा चालला असता? हे त्याला विचारायचं रस्त्यात सुचलं, नेहमीप्रमाणे.

मग मीही चूक केलीच. भाचा म्हणाला, "मावशी, एसएसडी टाक, रॅम वाढव." २५६ जीबीची एसएसडी (फिरत्या डिस्कऐवजी बसणारी वेगवान चिपची डिस्क) आणली आणि जुनी ८ जीबीची रॅमपट्टी. पहिल्यांदा गल्लीत डीडीआर४, म्हणजे पुढच्या पिढीची पट्टी, हातात दिली. तिची खाच भलत्या जागी, बसेचना. दुसऱ्या फेरीत डीडीआर३ मिळाली. खालचं झाकण उघडलं तर रॅमची एकच जागा, ती रिकामी. मग आधीची ४ जीबी कुठे आहे? कीबोर्डखाली! दोन स्क्रू काढायचे, कीबोर्ड पडद्याकडे सरकवायचा आणि पुढची कड उचलायची. हे कळायला मला एक संध्याकाळ लागली.

विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि विंडोज ११ या प्रोसेसरला अधिकृतपणे घेत नाही, म्हणून विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकली. मराठी टायपिंगची इनस्क्रिप्ट कळरचना त्यात आहेच, माझी बोटं खूश. आता वीस सेकंदांत सुरू. आणि वीस मिनिटांनी? पुन्हा तीच घरघर. प्रोसेसरचं तापमान पाहिलं तर ९७ अंश! प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करत होता. पैसे खर्च केले ते सगळे दुसऱ्याच दुखण्यावर.

रविवारी मिसळणाचा डबा रिकामा केला. त्यातल्या वाट्या स्क्रूंसाठी फारच सोयीच्या: कीबोर्डचे मोहरीच्या वाटीत, खालचे जिऱ्याच्या, पंख्याचे हळदीच्या. (हे स्क्रू अजून पिवळे आहेत.) पंखा काढला. पंखा आणि तांब्याच्या पात्या यांच्यामध्ये धुळीची अख्खी पट्टी बसली होती, लोकरीच्या तुकड्यासारखी चिमटीत धरून सलग निघाली. वारा बाहेर जाणार कुठून? प्रोसेसरची उष्णता वरच्या तांब्याकडे नेणारी पेस्ट सहाणेवर राहिलेल्या गंधासारखी वाळून भेगाळलेली. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढली, नवी पेस्ट मसुराएवढी लावली. स्क्रू एकेक पूर्ण न आवळता आळीपाळीने थोडे थोडे आवळले, म्हणजे दाब सगळीकडे सारखा बसतो.

पेस्टची ट्यूब दोनशे रुपयांची. तापमान ७० च्या आसपास आलं. पाचशे पानांची पीडीएफ दुपारभर उघडी ठेवली, पंख्याचा आवाज शेजारच्या खोलीतल्या घड्याळाहून कमी.

आता एसएसडी आणि रॅम वाया गेली असं मी म्हणणार नाही. अडीच मिनिटांची वीस सेकंदं त्यांनीच केली. पण आधी धूळ काढली असती तर दुखणं त्याच दिवशी सापडलं असतं.

बॅटरी मात्र जुनीच आहे, पंचवीस मिनिटं टिकते. आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज जाते ती गुरुवारी. त्यामुळे गुरुवारची कामं अजून कागदावर, लाल पेनानेच होतात.