पावियाच्या वाटेवर

इटलीतल्या मोर्ताराचा मठ मागे पडला. मग नुसती भातं, कालवे आणि डास. फ्रान्चिजेनाची, रोमला जाणाऱ्या जुन्या यात्रामार्गाची, ही वाट बांधांवरून जाते, सावली म्हणून नाही. जपमाळ हातात होती, पण दु:खाची रहस्यं, म्हणजे येशूच्या दु:खांचं चिंतन, पुढे सरकेना. सगळं लक्ष टाचेवर.

गार्लास्कोपुढे फोड फुटला. मोजा रक्तानं चिकटला. बांधावर बसले आणि पावियात ज्याची समाधी आहे त्या संत ऑगस्टीनवर चिडले. ह्याच्यासाठी ही तंगडतोड! चौदा-पंधरा वर्षं संसार केलेल्या बाईला ह्यानं इथून जवळच, मिलानहून, आफ्रिकेला परत धाडलं. आईनं, मोनिकेनं, चांगल्या घरची मुलगी पाहिली होती ना! मुलगा, आदेओदातुस, मात्र ठेवून घेतला. नवरी वयात यायला दोन वर्षं होती, तर तेवढ्यात आणखी एक बाई. पोरवयात चोरलेल्या पेअरवर 'कन्फेशन्स' या आत्मकथेत एवढं लिहिलं, पण तिचं नाव नाही. आपलं काळीज फाटलं, रक्त गळत राहिलं, एवढंच.

सायकलवरून एक सरदारजी आले. जवळच्या गोठ्यावर कामाला. "भैणजी, इंडिया?" मी रडायलाच लागले. त्यांनी बादलीत कोमट पाणी आणलं, मीठ टाकलं, पाय बुडवायला लावला. मोजा भिजून आपोआप सुटेपर्यंत ओढू दिला नाही. मग हळद, फडकं आणि स्वतःच्या रबरी चपला. मला दोन बोटं मोठ्या.

"किसके दर्शन को?"

"एक बाबा हैं. सोलह सौ साल हुए."

"अच्छा," म्हणत त्यांनी पावियाच्या दिशेनं हात जोडले. पैसे काढले तर रागावले.

देवाकडचं पहिलं पाऊलही त्याच्याच कृपेनं पडतं, असं, माणूस स्वतःच्या बळावर चांगला होऊ शकतो म्हणणाऱ्या पेलागियसपंथीयांशी वाद घालत ऑगस्टीननं शेवटपर्यंत मांडलं. फोडांचं काही म्हणाला नाही. चपला फटफटत होत्या.

तिचिनो नदी, झाकलेला पूल, पाविया.

सान पिएत्रो इन चेल द'ओरो, त्याच्या समाधीचं चर्च. इसवी सन 430 मध्ये आफ्रिकेतल्या हिप्पोला व्हँडल टोळ्यांचा वेढा पडलेला असताना तिथला बिशप, हाच ऑगस्टीन, गेला. अस्थी पुढे सार्डिनियात, आठव्या शतकात लोम्बार्ड राजा लिउतप्रांदनं इथं आणल्या. वर संगमरवरी समाधी, कोरीव मूर्तींनी भरलेली. खाली तळघरात रोमन तत्त्वज्ञ बोएथियस. गुडघे टेकवेनात, बाकावरच बसले. "किती उशिरा जडली प्रीत तुझ्यावर" हे ऑगस्टीनचं वाक्य आठवलं आणि घसा दाटला. राग होताच.

त्या बिननावाच्या बाईसाठी एक नमो मरिया म्हटली. मग मोनिकेसाठीही, नाइलाजानं.