वीस तास

देवगड, १३ एप्रिल २०२५

ईस्टरच्या सुट्टीत घरी आलो म्हणून सगळे खूश आहेत. मला मात्र तिकीट काढताना जिवावर आलं होतं. इंग्लंडमध्ये टर्म चालू असताना माझ्यासारख्या परदेशी विद्यार्थ्याला आठवड्याला फक्त २० तास काम करता येतं, फुल-टाइम सुट्टीतच. म्हणजे कमवायचे दिवस नेमके हेच. पण बागेत आंबा उतरायला लागला होता आणि फोनवर बाबा थकलेले वाटले.

काल हनुमान जयंतीला देवळात काकीने गाठलंच. "काय रे, थंय शिकूक गेलंस की भांडी घासूक?"

दोन्ही, म्हटलं. याच महिन्यात, एप्रिल २०२५ मध्ये, तिकडे २१ वर्षं आणि त्यावरच्यांचं किमान वेतन तासाला १२.२१ पौंड झालं. वीस तासांचे २४४. लोक लगेच त्याचे रुपये करून डोळे मोठे करतात. भाड्याचे रुपये कुणी करत नाही. या पैशांत खोली आणि बाजारहाट निभतो, फी नाही. पार्ट-टाइम करून फी निघते असं सांगणारा एजंट भेटला तर उठून यावं.

काका म्हणाले, जाताना चार पेट्या ने, तिथल्या पोरांना विक. तेही चालत नाही, स्टुडंट विसावर स्वतःचा धंदा करता येत नाही. तास मोजायचे सोमवार ते रविवार. या आठवड्यात पंधरा भरले म्हणून पुढच्यात पंचवीस नाही. एका हॉटेलवाल्याने जादा तासांचे रोख देतो म्हटलं होतं. मोह झाला, पण विसा घालवून बसायची माझी ऐपत नाही.

आज दिवसभर बागेत. झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, आंबा काढायचा, देठ राखायचा, नाहीतर चीक लागून साल काळवंडते. मग प्रतवारी, पेट्या भरणं, रात्री वाशीची गाडी. सोबत आमचा नेपाळी गडी. भारत-नेपाळच्या १९५० च्या करारामुळे त्याला इथे यायला विसा लागत नाही. माझ्या कामाबद्दल इथे आल्यापासून सगळ्यांनी विचारलं, पण कामाचे प्रश्न त्याचेच. मालक जागा देतो का? आजारी पडलास तर पैसे कापतो? घरी पाठवायला किती उरतात? उरत नाहीत म्हटल्यावर तो हसला. त्याचे उरतात.

तो पहाटे वानर हाकलायला उठतो आणि गाडी भरेपर्यंत जागा असतो. बाबा वाईट वागवत नाहीत; जेवण घरचं, उचल मागेल तेव्हा. पण वहीत त्याचे दिवस लिहिलेले असतात, तास नाहीत. माझ्या पगाराच्या पावतीवर ते छापून येतात. हा विषय बाबांकडे काढायचाय, आणि हंगाम संपायच्या आत काढायला हवा. तिकडे जाऊन फोनवर बोललो तर ते म्हणतील, चार महिन्यांत साहेब झालास.