तुम्ही विचारलंत म्हणून: मोठे बॉक्सर एकमेकांना का टाळतात?

‘एकाच वजनगटात दोन तगडे बॉक्सर आहेत, दोघांकडे जगज्जेतेपदाचे पट्टे आहेत, सगळ्यांना ती लढत बघायचीय, मग होत का नाही? घाबरतात का एकमेकांना?’ हा प्रश्न इतक्यांदा येतो, की एकदा सविस्तर लिहून टाकलेलं बरं.

घाबरत नाहीत. निदान तुमच्या मनात आहे तशी ती भीती नसते. पोरवयापासून तोंडावर ठोसे खात आलेला माणूस आणखी एका ठोशाला बिचकेल, हे काही पटत नाही. भीती असते ती हरण्याच्या किमतीची. आणि खुद्द बॉक्सरपेक्षा त्याचा मॅनेजर, लढत भरवणारा प्रमोटर आणि लढत दाखवणारी वाहिनी यांनाच ती जास्त असते.

हौशी बॉक्सिंगमध्ये टाळण्याची सोय नाही. चिठ्ठ्या टाकून जोड्या ठरतात (त्याला ड्रॉ म्हणतात), समोर येईल त्याच्याशी लढायचं, नाहीतर घरी जायचं. 1988च्या सोल ऑलिंपिकच्या अंतिम लढतीत लेनॉक्स लुईससमोर रिडिक बो आला आणि लुईसनं त्याला दुसऱ्याच फेरीत संपवलं. व्यावसायिक बॉक्सिंगला ना ड्रॉ, ना सगळ्यांवर चालणारं एक वेळापत्रक. प्रत्येक लढत म्हणजे दोन स्वतंत्र धंद्यांमधला एक करार. 1992मध्ये बो जगज्जेता झाला, तेव्हा पट्टे देणाऱ्या संघटनांपैकी डब्ल्यूबीसीनं त्याला लुईसशी लढायला सांगितलं. बोनं लंडनमध्ये पत्रकारांसमोर त्यांचा पट्टा सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकला. व्यावसायिक रिंगमध्ये हे दोघं कधीच समोरासमोर आले नाहीत. टाळाटाळ इतकी उघड क्वचितच दिसते, म्हणून हे उदाहरण अजून सांगितलं जातं.

आता हिशेब बघा. अव्वल बॉक्सर वर्षातून साधारण दोनदाच लढतो. प्रत्येक लढतीआधी आठ-दहा आठवड्यांचा सरावाचा कॅम्प. स्पारिंगच्या, म्हणजे सरावात समोर लढणाऱ्या, जोडीदारांचा पगार, राहणं, खाणं सगळं त्याच्याच खिशातून. मिळालेल्या रकमेतून प्रशिक्षकाचे साधारण 10 टक्के जातात, मॅनेजरचा वाटा एक तृतीयांशापर्यंत जाऊ शकतो, पट्टा देणाऱ्या संघटनेची फी सुमारे 3 टक्के, वर कर. म्हणजे कमाईच्या मोजून काही संध्याकाळी त्याच्या हातात असतात. त्यातली एक चुकीच्या माणसावर घालवली, तर पुढच्या दोन-तीन लढतींचा भाव उतरतो आणि आधीच आखलेली मोठी लढत कोलमडते. टेनिसपटू रविवारी हरला तर पंधरा दिवसांत दुसऱ्या स्पर्धेत उतरतो. इथं तसं नाही.

म्हणूनच नावाजलेल्या बॉक्सरच्या करारात परत लढतीचं कलम असतं: हरलो, तर पुढची लढतही तुझ्याशीच. 2019च्या जूनमध्ये अँथनी जोशुआचा ठरलेला प्रतिस्पर्धी उत्तेजक चाचणीत अडकला, ऐनवेळी अँडी रुइझला आणलं आणि सातव्या फेरीत जोशुआचे सगळे पट्टे गेले. डिसेंबरमध्ये त्याच कलमाच्या जोरावर त्यानं ते परत मिळवले. आव्हानवीर मोठ्या नावाचा नसेल, तर हे कलम त्याला मुकाट मान्य करावं लागतं. दोघंही तोलामोलाचे असले, की नेमकं इथंच पहिल्यांदा गाडं अडतं.

सगळ्यात जास्त टाळला जातो तो मात्र सर्वोत्तम बॉक्सर नव्हे. टाळला जातो तो अवघड असून तिकिटं न खपवणारा. क्यूबाचा गिएर्मो रिगोंडो बघा: 2000 आणि 2004 अशी दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं, डावखुरा, पाय हलके, बचाव अभेद्य. एप्रिल 2013मध्ये त्यानं नोनिटो डोनेअरला बारा फेऱ्या नुसतं झुलवलं. जिंकला, पण वाहिनीला त्याची लढत रटाळ वाटली आणि त्यानंतर त्याच्याशी लढायला मोठं नाव मिळेना. डावखुऱ्याचा त्रास नेमका काय, तेही सांगतो. उजव्या हाताचा बॉक्सर डावा पाय पुढे ठेवून उभा राहतो, डावखुरा उजवा. त्यामुळे दोघांचे पुढचे पाय एकमेकांत अडकतात आणि जॅब (पुढच्या हाताचे सरळ ठोसे) जॅबवर आदळतात. ज्याचा पुढचा पाय समोरच्याच्या पायाच्या बाहेर पडतो, त्याच्या मागच्या हाताला सरळ वाट मिळते. डावखुऱ्याला याची रोजची सवय असते, कारण त्याचे बहुतेक प्रतिस्पर्धी उजवेच असतात. उलट्या बाजूला ती सवय कॅम्पमध्ये मुद्दाम करावी लागते, आणि रिगोंडोसारखं हलणारा स्पारिंगचा जोडीदार आणणार कुठून? जिंकलात तर ‘त्याला हरवलं तर काय मोठंसं’, हरलात तर आयुष्यभराचा डाग. असा सौदा कोणता मॅनेजर करेल? शेवटी 2017मध्ये रिगोंडोलाच दोन वजनगट वर जाऊन युक्रेनच्या वासिल लोमाचेन्कोशी लढावं लागलं आणि सहा फेऱ्यांनंतर तो स्टुलावरून उठला नाही.

शरीराचाही हिशेब आहे, त्याबद्दल मात्र कोणी फारसं बोलत नाही. 17 मार्च 1990. मेल्ड्रिक टेलर, ऑलिंपिक सुवर्णविजेता, अपराजित, वय 23. समोर हुलिओ सेसार चावेझ, तोही अपराजित. टेलरचे हात वेगवान होते, तीनपैकी दोन परीक्षकांच्या गुणपत्रिकेवर तो आरामात पुढे होता. पण चावेझचे ठोसे कमी असले तरी जड पडत होते. बाराव्या फेरीत टेलर खाली गेला, उठला, आणि दोन सेकंद उरलेले असताना रेफ्री रिचर्ड स्टीलनं लढत थांबवली. ती दोन सेकंदं योग्य होती की अयोग्य, यावर अजून भांडणं होतात. माझ्या मते स्टीलचं बरोबर होतं, पण ते असो. टेलरनं पुढच्या वर्षी वरच्या गटाचा पट्टा जिंकला, तरी आधीचा टेलर परत दिसला नाही. एकाच रात्री कारकिर्दीची पाच वर्षं खर्ची पडू शकतात, आणि हे प्रत्येक जुन्या प्रशिक्षकाला पक्कं ठाऊक असतं.

आता टाळतात कसं? ‘नाही’ कोणीच म्हणत नाही. ‘हो, पण’ म्हणतात. फ्लॉइड मेवेदर आणि मॅनी पॅक्विआओ यांची लढत मार्च 2010मध्ये व्हायची होती. पैशांवर फारसं अडलं नव्हतं. अडलं उत्तेजकांसाठीच्या रक्ताच्या चाचणीवर. लघवीची चाचणी कधीही घ्या, पण रक्त लढतीच्या तोंडावर काढायचं नाही, असं पॅक्विआओच्या बाजूचं म्हणणं. मेवेदरला अचानक चाचण्या हव्या होत्या. मध्यस्थ बसले, घासाघीस झाली: शेवटचं रक्त लढतीच्या 24 दिवस आधी घ्या, असं पॅक्विआओची बाजू म्हणते, 14 दिवस आधी, असं मेवेदरची. दहा दिवसांच्या फरकावर लढत मोडली. ती झाली 2 मे 2015ला, तेव्हा मेवेदर 38चा आणि पॅक्विआओ 36चा होता. वाटणी 60-40, आणि दोघं वेगवेगळ्या वाहिन्यांशी बांधलेले असल्यानं दोन्ही वाहिन्यांनी मिळून ती दाखवली. एकट्या अमेरिकेत सुमारे 46 लाख घरांनी पैसे मोजले. लढत फिकी झाली, धंदा मात्र विक्रमी. थांबण्यात नुकसान झालं ते प्रेक्षकाचं, त्या दोघांचं नाही. याच गणितामुळे प्रमोटर लढती मुरवत ठेवतात.

वजन ही दुसरी किल्ली. वजन लढतीच्या आदल्या दिवशी केलं जातं. गटाच्या मर्यादेत बसण्यासाठी शरीरातलं पाणी काढायचं आणि रात्रीत परत भरायचं. करारात ‘परत इतकंच भरायचं’ अशी अट घातली, की मोठ्या चणीचा बॉक्सर रिंगमध्ये अर्धा रिकामा उतरतो. एप्रिल 2023मध्ये जर्वोंटा डेव्हिसनं रायन गार्सियाला 136 पौंडांवर आणलं, वर 10 पौंडांच्या पुनर्भरणाची मर्यादा घातली आणि सातव्या फेरीत पोटावर ठोसा मारून बसवलं. गार्सियाच्या सहीनं झालेला व्यवहार आहे, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. पण लढत तिथंच थोडी झुकली होती.

तिसरी वाट म्हणजे पट्टाच सोडून देणं. संघटना अधिकृत आव्हानवीर नेमते. ठरलेल्या मुदतीत करार झाला नाही तर प्रमोटरांकडून बंद लिफाफ्यात बोली मागवते, जास्त बोलीवाल्याला लढत मिळते. यातून निसटायचं तर आव्हानवीराला थांबण्याचे पैसे द्या, नाहीतर पट्टा ठेवून निघा. मे 2016मध्ये कानेलो आल्वारेझनं अधिकृत आव्हानवीर गेनाडी गोलोवकिनशी बोलणी ताणण्याऐवजी डब्ल्यूबीसीचा मिडलवेट पट्टा सोडला. ते दोघं भिडले सप्टेंबर 2017मध्ये, गोलोवकिन 35चा झाल्यावर आणि डॅनियल जेकब्ज या बॉक्सरशी पूर्ण बारा फेऱ्या झगडून आल्यावर. निकाल बरोबरीचा लागला. कानेलो भ्याला असं मी म्हणणार नाही, पण घड्याळाकडे त्याचं नीट लक्ष होतं.

मात्र पट्टा सोडला म्हणजे पळालाच, असं समजू नका. मे 2024मध्ये ओलेक्सांद्र उसिकनं टायसन फ्युरीला हरवून हेवीवेटचे चारही संघटनांचे पट्टे एकत्र केले, आणि महिन्या-दीड महिन्यात त्यातल्या आयबीएफ या संघटनेचा पट्टा सोडला. कारण त्या संघटनेला आपला आव्हानवीर पुढे हवा होता आणि उसिकला फ्युरीशी परत लढायचं होतं. इथं पट्टा सोडला तो जास्त अवघड लढतीसाठी.

मग ओळखायचं कसं? सबबींचा क्रम बघा. खरी अडचण एकच असते आणि ती सुटली की सही होते. टाळणाऱ्याची पैशांची सबब मिटली की वजनाची निघते, वजनाची मिटली की तारखेची, मग मैदानाची. समोरच्याचं वय आणि गेल्या दोन लढती कशा झाल्या, हेही पाहा. तो पहिल्यांदा धापा टाकताना दिसला आणि पुढच्याच महिन्यात टाळणाऱ्याकडून ‘आम्ही तयार आहोत’ असं निवेदन आलं, तर काय ते तुम्ही समजून घ्या.