दोन पुलांची भानगड

रविवार, रात्री बारा वाजून गेलेत

आज कॉलवर पुन्हा तोच वाद. हॉस्टेलचे आम्ही चौघं दर रविवारी जमतो. कुणाच्या पोरीची दहावी, कुणाचा गुडघा, असं दहा मिनिटं चालतं आणि मग गाडी ‘मॉरोविंड’ या जुन्या कॉम्प्युटर गेमवर घसरते. बंड्याचं म्हणणं ठरलेलं. फॅंटसी आरपीजी (म्हणजे एक पात्र घेऊन काल्पनिक जगात भटकायचे गेम) 2002 साली मॉरोविंडबरोबरच संपली, पुढे 2006 मध्ये त्याच मालिकेतल्या ‘ऑब्लिव्हियन’ने होकायंत्रावर जायची जागा दाखवणारा बाण दिला आणि खेळाचं पार वाटोळं झालं. त्यानंतरचा ‘स्कायरिम’ तर त्याच्या लेखी गेमच नाही, सहल आहे. (या सहलीत त्याने किती रात्री घालवल्यात ते मला माहीत आहे.)

मी दरवेळी मान डोलावतो. आज शेजारी भाचा बसला होता. त्याने सरळ विचारलं, “मामा, बाण नव्हता तर जागा सापडायची कशी?”

“लोक सांगायचे.”

त्याला पटेना. मग माळ्यावरची वही काढली. पुढून मायक्रोप्रोसेसरच्या नोट्स, मागून उलटी सुरू केलेली मॉरोविंडची वही. खोक्यातून गेम घेणाऱ्यांना कागदी नकाशा मिळायचा, आमची सीडी कुणाकडून तरी उतरवून आणलेली, त्यामुळे नकाशाच्या नावाने शंख. गेममधली रोजनिशी नुसती तारीखवार. दहा कामं अंगावर घेतली की सगळ्यांची खिचडी. कामानुसार लावून बघायची सोय ‘ट्रिब्युनल’ या पुरवणीत आली, ती आमच्यापर्यंत पोचलीच नाही. म्हणून गेममधली माणसं सांगायची ते पत्ते मी वहीत उतरवून घ्यायचो. हा बालमोरा गावापासून ड्वेमर या लुप्त जमातीच्या अर्कंगथांड नावाच्या पडक्या वास्तूपर्यंतचा: “बालमोरातून दक्षिणेला बाहेर. ओडाई नदी ओलांड. पूर्वेला मूनमॉथचा किल्ला. तिथून ईशान्येला जुना ड्वेमर पूल. पलीकडे अर्कंगथांड.” बाजूला शाईचा डाग आणि चहाच्या कपाचं वर्तुळ.

भाच्याने पान वाचलं आणि म्हणाला, “हे आजोबा गावचा पत्ता सांगतात तसंच आहे की.”

बुधवार

त्याने गेम घेतला. तासाभरात फोन. “मामा, खेकडा समोर उभा आहे, तलवार आरपार जातेय, तरी लागत नाही. बग आहे का?”

बग नाही. मॉरोविंडमध्ये प्रत्येक वारामागे फासे पडतात, फक्त दिसत नाहीत. शस्त्राचं कौशल्य, चपळाई, नशीब आणि सगळ्यात मुख्य म्हणजे दम. पळालं की दम जातो. नवखा माणूस सगळीकडे पळतच जातो, धापा टाकत खेकड्यासमोर उभा राहतो आणि हवेत तलवार फिरवतो. आमचंही तेच झालं होतं, पण ते आम्ही कधी कबूल करत नाही.

गंमत अशी की हाच मुलगा ‘बाल्डर्स गेट 3’ आनंदाने खेळतो, आणि तिथे काय कमी वार चुकतात? पण तिथे वाराआधीच टक्के दिसतात. संवादात नशीब आजमावायचं तर वीस बाजूंचा फासा पडद्यावर गडगडताना दिसतो. चुकलं तर तो फाश्याला शिव्या देतो. मॉरोविंडने फासा लपवला, म्हणून शिव्या गेमला. 2023 च्या गेमने जुनंच काम जास्त प्रामाणिकपणे केलं, असं मला वाटतं. बंड्याला सांगून उपयोग नाही.

शुक्रवार

तरी सांगितलं. शिवाय बाणाचंही डोक्यात घोळत होतं. मॉरोविंडमधली माणसं बहुतेक जागच्या जागी उभी असतात. दुकानदार मध्यरात्रीही गल्ल्यावर. अशा गावात पत्ता सांगणं सोपं. ऑब्लिव्हियनमधली माणसं घरी जातात, जेवतात, झोपतात. “अमक्याच्या दुकानात भेटेल” हे रात्री खोटं ठरणार. आणि तिथे प्रत्येक वाक्य कुणीतरी माइकसमोर बोललेलं. मॉरोविंडचे बहुतेक संवाद नुसते लिहिलेले, त्यामुळे पाच ओळींचा पत्ता फुकट पडायचा. मला तरी वाटतं, बाण आला तो थोडा या खर्चापायी.

बंड्याचं उत्तर: “मग बाण बंद करायचा.” केला होता मी, स्कायरिममध्ये. रोजनिशीत बऱ्याचदा जागेचं नुसतं नाव. वाट कुणी सांगतच नाही. बाण काढला की खाली काहीच उरत नाही. बाणाने वाटोळं केलं हे बंड्याचं म्हणणं इथे मात्र बरोबर आहे, आणि हे त्याला लगेच सांगायची घाई नाही.

शनिवार

दुपारी फोन. भाचा वैतागलेला. “मामा, पूल ओलांडला. अर्कंगथांड नाहीच इथे.”

“कुठला पूल?”

“नदीवरचा. एकच तर आहे.”

हा पोरगा ओडाईच्या काठावर अर्धा तास दरवाजा शोधत होता. मूनमॉथपर्यंत गेलाच नव्हता. सांगावंसं फार वाटलं. वही समोरच उघडी होती. दाराजवळचा दांडा फिरवल्याशिवाय ते उघडत नाही, आणि ज्या डबीसाठी एवढी पायपीट, ती एका फळीवर अशी पडलेली असते की तीनदा समोरून गेलो तरी दिसली नव्हती, हेही ओठावर आलं होतं.

“ज्याने पत्ता सांगितला त्यालाच परत जाऊन विचार,” म्हटलं. “आणि पळू नकोस.”