दोन विहिणी, एक ओटा

आमच्या कोथरूडच्या दोन बेडरूमच्या घरात सध्या दोन विहिणी नांदतात. सासूबाई रत्नागिरीकडच्या, आई साताऱ्याची. एकीला आमटीत आमसूल हवं, दुसरीला काळा मसाला. ओट्यापाशी जी आधी पोचेल तिची आमटी.

बाबा गेल्यावर आई साताऱ्यात एकटीच राहायची. मग बाथरूममध्ये पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि मी तिला इकडे आणलं. भाऊ कॅनडात. पैसे पाठवतो, रोज व्हिडिओ कॉल करतो. त्याच्याबद्दल तक्रार नाही. माझा राग आहे तो आल्यागेल्याच्या एका प्रश्नावर: "मग, किती दिवस मुक्काम?" सासूबाईंना हे कुणी विचारत नाही.

आईचंही तेच. तिच्या माहेरी नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणीसुद्धा प्यायची पद्धत नव्हती. त्यामुळे पेन्शन जमा झाली की दुधाचे पैसे फ्रिजवरच्या डब्याखाली येतात. मी परत दिले की ते माझ्या मुलीच्या दप्तरात सापडतात. सासूबाई वैतागतात, "विहीणबाई, तुम्ही काय पेइंग गेस्ट आहात का?"

नवरा तिला फिजिओकडे नेतो. परवा त्याने वाकून तिच्या पायात चप्पल सरकवली, तर हिने पाय मागेच घेतला. जावई म्हणजे धोंड्याच्या महिन्यात बोलावून वाण द्यायचा माणूस. त्याने चप्पल घालून द्यायची? तो म्हणाला, "आई, पाय द्या, रिक्षा थांबलीय." दिला शेवटी.

कायद्याला यात नवल वाटत नाही. लग्न झालेल्या कमावत्या मुलीवरही आईवडिलांची जबाबदारी असते, हे सुप्रीम कोर्टाने 1987 सालीच सांगितलंय. खटला आपल्या कल्याणचाच. वडिलांनी डॉक्टर मुलीकडे दरमहा 500 रुपये मागितले होते. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातही मुलगा आणि मुलगी एकाच ओळीत आहेत. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना बरोबरीचा हक्क महाराष्ट्रात 1994 मध्ये आला, देशभर 2005 मध्ये. तरी साताऱ्याच्या घराचा विषय निघाला की 'मुक्काम किती' विचारणारी हीच मंडळी मला हक्कसोडपत्राची आठवण करून देतात. म्हणजे आईला सांभाळायचं लेकीने आणि सही करून बाजूलाही व्हायचं लेकीनेच! भावाने स्वतः कधी विषय काढलेला नाही, हे इथे सांगायला हवं. मी सही करणार नाहीये.

मागच्या आठवड्यात मामेबहिणीचा फोन आला. तिलाही मामीला आपल्याकडे आणायचंय, घरात सासरे आहेत, कसं जमवू म्हणाली. मी म्हटलं, बाथरूममध्ये दांड्या बसव, दिवसभराची बाई आत्तापासून शोध आणि दुसरा टीव्ही घे. नातेवाईकांचं नंतर बघू, संध्याकाळी साडेसातला मालिका आणि बातम्या एका टीव्हीवर भागत नाहीत.