ग्रहाआड जाताना वाकणारा संकेत

यान ग्रहामागे दडण्याआधी त्याचा रेडिओ संकेत वातावरणाला चाटून येतो, किंचित वाकतो आणि त्याची वारंवारता ढळते. हेच रेडिओ पिधान. १९६५ मध्ये मरिनर ४ या अमेरिकी यानाने याच पद्धतीने मंगळाचा पृष्ठदाब जेमतेम काही मिलिबार असल्याचे दाखवले. केवढा मोठा धक्का होता तो!

मंगळावर ८.४ गिगाहर्ट्झच्या संकेतात हे ढळणे फक्त काही हर्ट्झचे असते. म्हणून यानावर अतिस्थिर दोलक, म्हणजे संकेताची वारंवारता ठरवणारे अचूक घड्याळ, हवा. त्याचे स्थैर्य १०⁻¹³ असेल तर चूक एक सहस्रांश हर्ट्झच्या आत राहते. यान ग्रहामागून बाहेर येताना तर या दोलकाला पर्याय नाही, कारण पृथ्वीवरून येणाऱ्या संकेताशी तुटलेले कुलूप (त्या संकेताशी जुळवलेली वारंवारता) पुन्हा लागेपर्यंत खालचे थर निसटून जातात.

आधी कक्षेचा डॉप्लर, म्हणजे यानाच्या गतीमुळे वारंवारतेत पडणारा फरक, वजा करायचा. उरलेल्या फरकातून वाकण्याचा कोन, मग आबेल रूपांतर या गणिती पद्धतीने दर उंचीचा अपवर्तनांक, त्यातून घनता, दाब, तापमान. आयनांबराचा (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराचा) परिणाम वारंवारतेनुसार बदलतो, खालच्या उदासीन (विद्युतभार नसलेल्या) वायूचा नाही, म्हणून २.३ गिगाहर्ट्झचा जोड संकेत असला की दोन्ही वेगळे काढता येतात.

खरी गफलत मोजणीच्या वरच्या टोकाला होते. तिथले तापमान गृहीत धरावे लागते. तीन वेगवेगळी तापमाने घालून पाहा. तापमानाच्या तिन्ही रेषा जिथे एकत्र येतात त्याच्या वरचे आकडे सरळ सोडून द्या. शुक्रावर मात्र अडचण तळाशी आहे: सुमारे ३३ किलोमीटरखाली किरण इतका वाकतो की बाहेरच पडत नाही.